झेंड्याची चिंधी

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि छाती सोडली तर सगळ्या अंगानं पुरा होतो. छातीचं मुद्दाम सांगतो, कारण साताऱ्याच्या फौजेच्या भरतीत तिनं मला दोनदा दगा दिला. श्वास ओढून ओढून डोळे बाहेर यायची पाळी आली, पण फीतवाल्यानं मान हलवली आणि म्हणाला, "घरी जा, ऊस पिकव." मी घरी आलो आणि ऊस पिकवला. पंचक्रोशीत नाव निघेल असा पिकवला. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत. तीही मास्तर बदलून गेले म्हणून थांबली, माझ्यामुळं नाही. तेव्हा लिहिण्यात काही उणं असेल तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. सांगण्यात उणं असणार नाही.

हे आठवायला निमित्त परवाचं. ऑगस्ट लागला की आता आमच्या गावात घराघरावर झेंडा असतो. स्लॅबवर, पत्र्यावर, टॉवेल वाळत घालायच्या गजावर, मिळेल तिथं. मी ओट्यावर बसून बघतो आणि मला बरं वाटतं. कुणी काही म्हणो. तर परवा शेजारची सून हातात घडी घेऊन आली. म्हणाली, "आबा, गच्चीवरचा झेंडा पार इटला बघा. नवा आणलाय. ह्या जुन्याचं काय करायचं? कचऱ्याच्या गाडीत टाकायला हात धजंना."

हात धजंना. त्या पोरीला कुणी काही शिकवलेलं नाही, पण हात आपला आपण थांबला. मी तिला म्हटलं, बस. आणि ती बसते तोच नाकात ओल्या खादीचा वास आला. पन्नास वर्षांपूर्वीचा.

त्या साली श्रावण सरत आला होता. दुष्काळ मागं पडला होता, तरी ओढ्याला पाणी दिसलं की माणसं अजून उभी राहून बघायची. आमचं गाव कृष्णाकाठी, उंब्रजच्या खालच्या अंगाला. आडसाली लागणीचे दिवस. उसाच्या कांड्यांचा गोडसर-आंबूस वास अंगाला चिकटलेला असायचा, साबणानं जायचा नाही. पायाच्या बोटांत चिखल्या. पाऊस धड पडायचा नाही की धड थांबायचा नाही. घटकाभर ऊन, घटकाभर बुरबुर. बाया वाळत घातलेलं धुणं दिवसातनं दहा वेळा आत-बाहेर करायच्या आणि ढगाला शिव्या द्यायच्या. चुलीत ओली लाकडं. सगळ्या गावावर निळा धूर बसलेला, आणि त्या धुरातनं तात्या हवालदारांच्या अंगणातली मेसाच्या बांबूची काठी सरळ वर गेलेली.

तात्या आमचे शेजारी. मधे एक बुटकी भिंत. इंग्रजाच्या वेळेस भरती झालेले, लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेले, मग आपल्या सैन्यात राहून हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. रोज पहाटे दाढी. दाढी झाल्याशिवाय चहा नाही. गावात कुणी त्यांना मोठ्यानं बोलताना ऐकलं नाही आणि कुणी त्यांचं ऐकलं नाही असंही झालं नाही. मला एकदा म्हणाले होते, "सहा वर्सं परक्याच्या झेंड्याला सलाम ठोकला, दिन्या. मग छावणीत एका सकाळी त्यो उतरला आन आपला चढला. हातात बंदूक हुती, म्हणून डोळं पुसता आलं न्हाईत."

घरावर झेंडा लावणारे आमच्या भागात ते एकटेच. वर्षातनं तीन दिवस. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दोन ऑक्टोबर. बाकीच्या दिवशी घरावर लावायची मुभा तेव्हा नव्हती आणि तात्यांनी कधी चौथा दिवस केला नाही. दिवस उगवताना चढवायचा, मावळायच्या आत उतरवायचा. ऑगस्टात तो हमखास भिजायचा. ओल्याची घडी करायची नाही, म्हणून सोप्यात एक वेगळी दोरी बांधलेली. तिच्यावर दुसरं काही घालायचं नाही. तात्यांची बायको जनाकाकी म्हणायच्या, "बारा वर्सं झाली, माझ्या लुगड्याला ह्या दोरीवर जागा मिळाली न्हाई. ह्या बयेला मिळाली." तात्या मिशीत हसायचे, पण दोरी काही द्यायचे नाहीत.

बारा पावसाळ्यांत झेंडा थकला होता. केशरी पट्टा उन्हाळ्यातल्या गवतासारखा पिवळट झालेला. हिरवा उतरून पांढऱ्यात गेलेला. चक्राच्या आऱ्या मोजायच्या तर अगदी जवळ जावं लागायचं. काठीकडची शिवण तेवढी शाबूत होती. फडफडणाऱ्या कडेचे धागे सुटून लोंबायला लागले होते. तरी मला तो सुंदर वाटायचा. राबलेल्या माणसाचा हात असतो ना, तसा.

त्या उन्हाळ्यात तात्यांच्या उजव्या हातावरनं वारं गेलं. हात जागेवर, पण त्यात जीव नाही. ऑगस्ट लागल्यावर एका सकाळी भिंतीवरनं हाक आली. "दिन्या, हिकडं ये. हात धुऊन ये."

हात धुऊन गेलो. जुना झेंडा धुवट पंच्यात गुंडाळून त्यांनी पुढं ठेवला होता. "कराडात ह्या मापाचा मिळंना. सांगलीला जा. माप घिऊन जा, नवा आण, मग ह्यो रीतीनं जाळून मातीत घालू. तीन हात लांब, दोन हात रुंद, खादीचाच. चक्र दोनी बाजूंनी बघून घे." मग जरा थांबून म्हणाले, "औंदा दोरी तू वढायची."

फितीनं दोनदा नाकारलेली माझी छाती त्या वेळी कुणी मोजायला पाहिजे होती.

सांगलीला जाताना तात्यांनी बजावलं होतं, मांडीवर ठेवायचा; पायाशी नाही, वरच्या फळीवर बोचक्यांत नाही. कराडपासून सांगलीपर्यंत एसटीत मी तो मांडीवर धरून बसलो. शेजारी एक म्हातारी भाजीची पाटी घेऊन बसलेली. तिनं विचारलं, "पावनं, पोरीकडं चाललाय व्हय? लाडू हायती का काय?"

"न्हाई आजी. झेंडा हाय."

"कसला, जत्रंचा?"

"आपल्या देशाचा."

म्हातारीनं पाटी पायानं सरकवून माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब घेतली. त्या भागातली माणसं अशीच. मान द्यायचा तर देऊन मोकळी होतात.

खादीच्या दुकानातल्या टोपीवाल्यानं विचारलं, "कुठल्या शाळेसाठी?" मी म्हटलं, "शाळंचा न्हाई, घरचा." त्यानं चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं, मग फडक्यातला जुना बघितला, आणि गल्ल्यावरनं उठून स्वतः माप घेतलं. नव्या खादीला खळीचा वास होता. केशरी एवढा ताजा, की दुकानातल्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यात कुणी दिवा लावल्यासारखं झालं. चक्र मी दोन्ही बाजूंनी बघितलं. आऱ्यासुद्धा मोजल्या. चोवीस. चौथीपर्यंतची शाळा तेवढ्याला पुरली.

परत येईतो तिन्हीसांजा झाल्या. तात्या लवकर जेवून पडायचे, म्हणून दोन्ही झेंडे त्या दिवशी माझ्याच घरात राहिले. आणि तिथंच माझ्या हातनं ते झालं.

आता मालनविषयी सांगायला पाहिजे. मालन माझी बायको. माहेर माण भागातलं, म्हसवडच्या पलीकडच्या माळावर. आमच्या उसाच्या गावात तिला सुरुवातीला बाया 'दुष्काळी' म्हणायच्या. ती खाली मान घालणाऱ्यातली नव्हती. म्हणायची, "तुमच्यात पाणी लय, म्हणून बोलणं बी पातळ." तिची वाकळ बघायला मात्र त्याच बाया यायच्या. टाका एवढा बारीक, की मुंगीनं पाऊल टाकत जावं. पण आदल्या साली सातव्या महिन्यात तिचं मूल गेलं होतं. पोरगी होती. त्यावर ती रडली नाही, वाकळही शिवली नाही. आता पुन्हा सातवा चालू होता. पायावर सूज. उंब्रजच्या नर्सबाई गावात आल्या तेव्हा पाय बघून म्हणाल्या, "हिला कराडला मोठ्या दवाखान्यात दाखवा. उशीर करू नका." मी म्हटलं, "आमच्या चार पिढ्या ह्याच घरात जन्मल्यात. बाया दवाखान्यात नेऊन रांगंत बसवायची आमच्यात रीत न्हाई." बाई पिशवी उचलून गेल्या. मालन ऐकत होती.

त्या सांजेला तिनं दोन्ही झेंडे बघितले. नव्यावरनं बोटांची मागची बाजू फिरवली, तळहात लावला नाही, कारण पिठाचा होता. मग जुन्याकडं बघून म्हणाली, "ह्यो आता उतरला न्हवं?"

"उतरला. नवा चढायचा."

तिच्या माहेरी माळावर एक देव आहे. त्याच्या काठीचं निशाण दर वर्षी जत्रेला बदलतात. जुनं उतरलं की गुरव त्याच्या चिंध्या करून माणसांना वाटतो. ती चिंधी बाळंतिणीच्या दंडाला, पाळण्याला, बैलाच्या शिंगाला बांधायची. वर्षभर ऊनवारा सोसून जे काठीवर टिकलं त्याच्यात राखायची ताकद येते, असं ते लोक धरून चालतात. मला त्यात काही वावगं कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही.

ती म्हणाली, "आवं, हवालदार मामंजींनी चिंधी द्यायला सांगितली का कुणाला? मला एक मिळंल का?"

तिनं सरळ विचारलं होतं. मी सरळ म्हणायला पाहिजे होतं, उद्या तात्यांना विचारतो. पण त्या घरात मी सात महिने तिच्या तोंडाकडं बघत होतो. आणि मागायला जाणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, "सांगितलीया की. तुझ्यासाठीच सांगितलीया." सुटलेल्या धाग्यांच्या कडेनं केशरी पट्ट्याची दोन बोटं रुंद पट्टी टर्रकन फाडली आणि तिच्या डाव्या दंडाला बांधली. खादी जुनी, सहज फाटली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मालननं दंडावर हात ठेवला आणि त्या सालात पहिल्यांदा पाय लांब करून भिंतीला टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तात्यांकडं दोन्ही झेंडे दिले. त्यांनी नवा बघितला, मान डोलावली, बाजूला ठेवला. मग जुना खाटेवर पसरला आणि डाव्या हाताच्या तळव्यानं निवांत चाचपत गेले, म्हातारं जनावर विकायच्या आधी माणूस चाचपतो तसे. केशरी कडेला हात थांबला.

"ह्यो झिजल्याला न्हाई. फाडल्याला हाय."

"उंदरानं खाल्ला आसंल," मी म्हटलं.

"उंदीर सरळ रेघंत फाडत न्हाई, दिनकर."

दिन्याचा दिनकर झाला तेव्हाच मी समजलो. पण माझं नाक वर. म्हटलं, "तात्या, जुनाच न्हवं? जाळायचाच हाय. दोन बोटं कापडानं काय बिघडतंय?"

त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "मानूस जाळताना हात घरी ठिवतो का आपण? ज्या दिवशी शिवला त्या दिवशी पुरा हुता. जाईल तवा पुरा जायला पायजे. ह्यो पुरा गेल्याबिगर नवा चढायचा न्हाई. औंदा काठी मोकळी ऱ्हाईल."

"मोकळी तर मोकळी," मी म्हटलं आणि भिंत ओलांडून आलो. दिवसभर कांड्या लावल्या. दोन वाफे उलटे लावले, नंतर उपटून पुन्हा लावावे लागले.

पुढचा दिवस चौदा ऑगस्ट. सकाळी मी पुन्हा तात्यांच्या अंगणात होतो. काठीची दोरी बदलायच्या निमित्तानं गेलो होतो. खरं तर त्यांचं मन वळवायला गेलो होतो. तात्या खुर्चीत, काकी जोत्यावर शेंगा फोडत. तेवढ्यात मालन आली. हातात झाकलेली वाटी. डोक्यावरचा पदर सारखा करून ती तात्यांपुढं वाकली. पोटामुळं पुरतं वाकता येत नव्हतं.

"मामंजी, लय उपकार झालं. तुमी चिंधी दिली आन काल मला झोप लागली. आत्याबाई, ही लापशी केलीया, गॉड मानून घ्या."

काकींच्या हातातली शेंग तशीच राहिली. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दोरीकडं बघितलं.

मालननंही माझ्याकडं बघितलं. एकदाच. तिनं दंडावरची गाठ चाचपली. घट्ट होती, मीच बांधलेली. मान वळवून तिनं ती दातानं सोडवायला घेतली.

तात्या खुर्चीतनं अर्धे उठले. "ऱ्हाऊ दे पोरी. अंगावरचं काढू नगंस. मी काय म्हनत न्हाई."

त्या माणसानं आयुष्यात आपला नियम कुणासाठी मोडला असेल तर तो त्या क्षणी, आणि मला तो मोडताना दिसला. पण मालन ऐकतेय थोडीच.

"न्हाई मामंजी. आमच्या माळावर निशाणाची चिंधी गुरव आपल्या हातानं देतो. मागून घेतलेली राखती. न सांगता घेतलेली कुणाला राखंल? मला दिली म्हणून बांधली. दिली न्हवती, तर ती माजी न्हाई." चिंधी तळहातावर घेऊन तिनं बोटांनी सरळ केली. "आत्याबाई, सुई द्या बारीक. आन पांढरा दोरा."

काकींनी डबा पुढं केला. मालन सोप्यात बसली, ओल्या झेंड्यासाठी बांधलेल्या त्या दोरीच्या खाली. मांडीवर पांढरं धोतर अंथरलं, त्यावर जुना झेंडा, आणि फाटलेल्या कडेला चिंधी लावून शिवायला सुरुवात केली. बाहेर बुरबुर. कौलांवरनं एकेक थेंब. एक वर्ष न शिवलेला तो हात. मी दारात उभा होतो; बस म्हणून कुणी म्हणालं नाही. आपल्या पोटातल्या जिवासाठी मिळालेली राखण ती स्वतःच्या हातानं परत करत होती, आणि टाका तरी कुठं वाकडा जात नव्हता. जाळायच्या कापडाला एवढा बारीक टाका कशाला, असं माझ्या मनात आलं. पुढं बराच काळ मी त्याच्यावर विचार केला. मला वाटतं, वेड्यावाकड्या टाक्यांनी काम भागवलं असतं तर तिनं ते अर्धंच परत केल्यासारखं झालं असतं.

शिवून झाल्यावर तात्यांनी कडेवरनं डावा हात फिरवला. पुढं नेला, मागं आणला. म्हणाले, "जोड सापडंना, सूनबाई."

दुपार कलल्यावर परसदारी चौघंच होतो. दार लावून घेतलेलं. तात्यांनी सांगितलं होतं, हे काम चारचौघांना दाखवायचं नाही. सुक्या तुरकाट्या काकींनी घरातनं काढून दिल्या. मी विचारलं, तूप घालू का थोडं? "नगो. ह्यो होम न्हाई. मानसासारखा जायचा, सादा." घडी त्यांनी डाव्या हातानं दाखवत माझ्याकडनं करवून घेतली, चक्र वर आलं पाहिजे, पांढरं दिसलं पाहिजे. कडेची घडी घालताना मालनची शिवण माझ्या बोटाखालनं गेली आणि खरंच, जोड सापडला नाही.

जाळ धरला. खादी हळू जळते, भडकत नाही. आधी कडेनं तांबूस रेघ फिरली, मग रंग सगळे एकसारखे होऊन राखाडी झाले, तरी घडी घटकाभर तशीच उभी होती. तात्या सावधान उभे. डावा हात मांडीला चिकटलेला, उजवा लोंबता. सलाम उजव्यानं करायचा असतो, म्हणून त्यांनी केला नाही. डाव्यानं केला असता तर कोण बघत होतं? पण नाही केला. हनुवटीवरनं पाणी खाली येत होतं, पावसाचं म्हणायचं तर परसातल्या चिंचेखाली पाऊस लागत नव्हता. राख थंड झाल्यावर मी हातभर खड्डा काढून तिथंच पुरली आणि माती सारखी केली.

पंधराच्या सकाळी काठीभोवती शेजारपाजार जमला. शाळेची फेरी घोषणा देत रस्त्यावरनं गेली. नव्या झेंड्याच्या घडीत काकींनी कण्हेरीची फुलं ठेवलेली. मी धुवट सदरा घालून, केसाला तेल लावून दोरीजवळ उभा. तात्या खुर्चीतनं म्हणाले, "दोरी सूनबाईच्या हातात दे."

कुणीतरी बाई मागनं कुजबुजली, "आगं बया, आसल्या अवस्थेत?" दुसरी म्हणाली, "दुष्काळी हाय ती, वढंल."

खोटं कशाला सांगू, मला लागलं. भरतीतल्या फितीपेक्षा लागलं. पण दोरी तिच्या हातात देताना तिचं बोट माझ्या बोटाला लागलं. सुईनं भोकं पडलेलं, खरबरीत. मी एक पाऊल मागं सरलो. मालननं दोरी ओढली. घडी वर गेली, क्षणभर अडकली, तिनं हिसका दिला आणि झेंडा उलगडला. कण्हेरीची फुलं तिच्या डोक्यावर, पोटावर पडली. खळ असल्यानं नवं कापड पहिल्यांदा कडकडलं, मग वारा भरला आणि मऊ झालं. तात्या उठून उभे राहिले होते. मी बघत राहिलो. झेंड्याकडं बघायचं असतं, पण मी माझ्या बायकोकडं बघत होतो. तिला ते आवडलं नसतं.

तो झेंडा पुढं चौदा वर्षं टिकला. तात्या गेल्यावर काठी आमच्या अंगणात आली आणि त्याला जाळायचं काम मी केलं, त्याच रीतीनं, पुरा. त्यानंतरचे किती तरी. आता कापड निराळं येतं, चकचकीत, वितळून काळं होतं. तरी रीत तीच ठेवली आहे. शेजारच्या सुनेला मी अखेर एवढंच सांगितलं: आधी कुठं उसवलाय का बघ, उसवला असेल तर टाका घाल, मग घेऊन ये. ती म्हणाली, "जाळायचाच तर टाका कशाला, आबा?" मी म्हटलं, घाल तर खरं. घालून आणला पोरीनं. टाका मोठा होता, पण सरळ.

मालन गेली त्याला आता सहा वर्षं झाली. त्या खोट्याबद्दल आयुष्यात तिनं मला एकदाही बोल लावला नाही. फक्त त्या पंधरा तारखेला, दिवस मावळायच्या आत झेंडा उतरवून आम्ही घरी आलो, तेव्हा ती चुलीपुढं बसली. सुजलेले पाय पुढं पसरले आणि भाकरी थापता थापता माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता दंडाला काय न्हाई. आता तुमीच बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी जुपली, खाली कडबा, वर तिची जुनी वाकळ अंथरली आणि मालनला घेऊन कराडला मोठ्या दवाखान्यात गेलो. ओट्यावर बायांची रांग दारापर्यंत आलेली. तिला भिंतीकडेला बसवलं आणि तिच्या जागी रांगेत मी उभा राहिलो. एवढ्या बायांत एकटा बाप्या माणूस, फेटा काखेत धरून. आमचा नंबर आल्यावर आतल्या बाईंनी विचारलं, "काय आहे?"

मी म्हटलं, "बाई, हिला बघा. उशीर मी केलाय."